पहिला डीएसएलआर निवडताना: लेन्स आधी, बॉडी नंतर

डीएसएलआरचा, म्हणजे आत आरसा असलेल्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांचा, जमाना संपला, ही बातमी गेली काही वर्षं अधूनमधून वाचायला मिळते, आणि ती बरीचशी खरी आहे. कॅननचा ईओएस-१डी एक्स मार्क थ्री जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला. त्या श्रेणीतला हा आपला शेवटचा डीएसएलआर, असं कंपनीच्या अध्यक्षांनी २०२१ संपता संपता सांगूनही टाकलं. निकॉनचे डी७८० आणि डी६ हेही २०२० चेच, त्यानंतर नवा डीएसएलआर आलेला नाही. सोनीने आरशाचे कॅमेरे विकणं २०२१ मध्ये थांबवलं. त्यानंतरही नवी मॉडेलं काढत राहिली ती पेंटॅक्स.

तरीही फोटोग्राफी शिकायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो हाच: ‘सुरुवातीला कोणता डीएसएलआर घेऊ?’ उत्तर म्हणून बहुतेक वेळा चार मॉडेलांची नावं आणि आकड्यांचा तक्ता हातात पडतो. माझ्या मते प्रश्न उलट्या टोकाने सोडवायला हवा. आधी फोटो कशाचे काढायचे ते ठरवा, मग त्यासाठी कोणती लेन्स लागेल ते पाहा आणि ती लेन्स ज्यावर बसते ती बॉडी सगळ्यात शेवटी निवडा. का, ते समजायला कॅमेऱ्याच्या पोटात थोडं डोकावावं लागेल.

## आरसा करतो काय?

डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे ४५ अंशांत कललेला एक आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर फेकतो. वरच्या भागात आणखी काही परावर्तनं होऊन तो तुमच्या डोळ्यापर्यंत येतो. डोळा लावायच्या त्या खिडकीला व्ह्यूफाइंडर म्हणतात. म्हणजे तुम्ही पाहता ते स्क्रीनवरचं चित्र नसतं, लेन्समधून आलेला खरा प्रकाश असतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, त्यामागचा पडदा म्हणजे शटर उघडतं, चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर प्रकाश पडतो आणि आरसा परत खाली येतो. तो ओळखीचा ‘खट्याक’ आवाज या सगळ्या धावपळीचा.

मिररलेस कॅमेऱ्यात हा आरसाच काढून टाकला आहे. सेन्सरवर सतत प्रकाश पडत असतो आणि तिथलं चित्र छोट्या स्क्रीनवर दिसतं. त्यामुळे कॅमेरा लहान होतो आणि फोटो किती उजळ किंवा काळवंडलेला येणार ते आधीच कळतं. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये ते कळत नाही. सेटिंग चुकलं तरी दृश्य तसंच छान दिसतं, फटफटीत पांढरा फोटो नंतर समोर येतो.

पण सेन्सर आणि स्क्रीन सतत चालू नसल्याने डीएसएलआर बॅटरी फार कमी खातो. निकॉन डी३५०० एका चार्जमध्ये प्रमाणित चाचणीनुसार १,५५० फोटो काढतो. त्याच कंपनीच्या झेड५० या सुरुवातीच्या मिररलेसचा आकडा तीनशेच्या आसपास आहे. दिवसभर बाहेर भटकणाऱ्याला हा फरक कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त पटतो.

## जाणाऱ्या गाडीत कशाला बसायचं?

रास्त शंका आहे. उत्तर तुम्ही काय करणार यावर ठरतं.

व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर डीएसएलआर घेऊ नका. व्हिडिओ घेताना आरसा वरच राहतो, त्यामुळे व्ह्यूफाइंडर बंद पडतो आणि त्याच्या जोडीची जलद फोकस यंत्रणाही कामातून जाते. सगळा भार सेन्सरवरून फोकस करण्यावर येतो. डी३५०० किंवा कॅनन १५००डी यात इतके मंद आहेत की चालत येणारा माणूस फोकसमध्ये पकडेपर्यंत तो तुमच्यापाशी पोहोचलेला असतो. कॅनन २००डी मार्क टू इथे अपवाद, त्याचा सेन्सर फोकस चपळाईने करतो. पण फोर-के व्हिडिओ निवडला की तीच चपळ यंत्रणा बंद होते आणि दृश्याच्या कडाही कापल्या जातात. डब्यावर फोर-के ठळक छापलेलं असतं, ही अट छापलेली नसते.

मुख्यतः फोटोच काढायचे असतील आणि खर्च आटोक्यात ठेवायचा असेल, तर मात्र चित्र उलटं आहे. लोक मिररलेसकडे वळल्यामुळे चांगल्या स्थितीतल्या बॉडी आणि लेन्स वापरलेल्या मालात भरपूर येतात. कॅननचं ईएफ माउंट १९८७ पासूनचं, निकॉनचं एफ माउंट १९५९ पासूनचं. माउंट म्हणजे लेन्स बॉडीवर जिथे फिरवून बसते ते कडं. इतक्या वर्षांत या दोन कड्यांसाठी बनलेल्या लेन्सचा साठा प्रचंड आहे. नवीन मॉडेल निघालं नाही म्हणून जुन्या कॅमेऱ्याचा फोटो बिघडत नाही. खरी अडचण दुरुस्तीची आहे: जसजशी वर्षं जातील तसतसे सुटे भाग मिळणं अवघड होत जाणार.

आणि उद्या मिररलेसकडे जावंसं वाटलं तर? कॅननच्या ईएफ लेन्स ॲडॉप्टर, म्हणजे मधलं जोडकडं, लावून त्यांच्या आरएफ माउंटच्या मिररलेसवर व्यवस्थित चालतात, ऑटोफोकससह. निकॉनचंही ॲडॉप्टर आहे, पण ज्या लेन्समध्ये स्वतःची फोकस मोटर आहे त्यांनाच त्यावर ऑटोफोकस मिळतो. ही मोटरची भानगड पुढे पुन्हा येणार आहे.

## ‘पण माझा फोन तर दोनशे मेगापिक्सेलचा आहे!’

सुरुवातीच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये २४ मेगापिक्सेल असतात, म्हणजे साधारण ६,००० गुणिले ४,००० ठिपक्यांचं चित्र. फोर-के टीव्हीवर मावतात सुमारे ८३ लाख ठिपके. २४ मेगापिक्सेलचा फोटो दर इंचाला ३०० ठिपके या दर्जाने छापला तरी २० इंच रुंद होतो. त्यामुळे १८ की २४ की ३२ या वादात नवशिक्याने पडण्यात फारसं काही नाही. दोनशे मेगापिक्सेलवाला फोनसुद्धा नेहमीच्या वापरात सोळा ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो.

महत्त्वाचा आकडा सेन्सरच्या आकाराचा. सुरुवातीच्या डीएसएलआरमधला सेन्सर एपीएस-सी या मापाचा असतो: निकॉनमध्ये सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर, कॅननमध्ये किंचित लहान, २२.३ गुणिले १४.९. महागड्या फोनमधल्या मोठ्या सेन्सरच्याही तिप्पट ते पाचपट क्षेत्रफळ. जागा मोठी, म्हणून गोळा होणारा प्रकाश जास्त. त्याहून मोठा ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा सेन्सर म्हणजे फुल फ्रेम. तो पहिल्या कॅमेऱ्यात असण्याची गरज नाही. त्याच्या लेन्सचं वजन आणि किंमत दोन्ही अंगावर येतात.

मग डीएसएलआर फोनपेक्षा नेहमी चांगला फोटो काढतो का? नाही. संध्याकाळच्या अंधुक उजेडात फोन एकामागोमाग अनेक फोटो घेऊन ते क्षणात जोडतो, काळोख उजळतो, आकाश सावरतो. डीएसएलआर यातलं काहीच आपणहून करत नाही. पहिल्या आठवड्यात फोनचेच फोटो जास्त देखणे वाटले तर दचकू नका, कॅमेरा खराब निघालेला नाही. दूरची वस्तू, वेगाने हलणारी वस्तू, केसांच्या कडांपाशी फसगत न होता खरोखर धूसर झालेली पार्श्वभूमी आणि नंतर हवा तसा सुधारता येईल असा कच्चा फोटो, ज्याला रॉ म्हणतात, इथे डीएसएलआर पुढे जातो. यातलं काहीच नको असेल तर फोन पुरेसा आहे, हे विक्रेता सांगणार नाही म्हणून इथे सांगतो.

## प्रकाशाचा हिशोब

फोटो किती उजळ येणार हे समोरचा उजेड सोडला तर तीन गोष्टींवर ठरतं. लेन्समधलं छिद्र किती उघडं आहे, ते ॲपर्चर. शटर किती वेळ उघडं राहिलं, तो शटर स्पीड. आणि सेन्सरकडून आलेला संकेत कॅमेरा किती वाढवतो, तो आयएसओ.

पहिल्या दोन्हींतून खरा प्रकाश आत येतो. आयएसओने प्रकाश वाढत नाही, आहे तोच मोठा करून दाखवला जातो. दूरच्या रेडिओ केंद्राचा आवाज वाढवला की गाण्यासोबत खरखरही वाढते, तसंच हे: आयएसओ चढवला की फोटोत रंगीत दाणे दिसू लागतात, त्यांना नॉइज म्हणतात.

ॲपर्चरचा आकडा मात्र उलटा चालतो. एफ/१.८ म्हणजे मोठं छिद्र, एफ/५.६ म्हणजे लहान. हिशोब वर्गाने होत असल्याने एफ/१.८ ची लेन्स एफ/५.६ पेक्षा नऊ-दहा पट प्रकाश आत घेते. घरात धावणारं मूल टिपायचं आहे, शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून मंद करता येत नाही. कॅमेऱ्यासोबत आलेल्या एफ/५.६ च्या लेन्सने जिथे आयएसओ ६,४०० लागेल, तिथे एफ/१.८ च्या लेन्सने ६५० च्या आसपास भागेल. कोणतीही दुसरी बॉडी घेऊन एवढा फरक पडत नाही. लेन्स आधी म्हणतो ते यासाठी.

## मग लेन्स कोणती?

बॉडीसोबत बहुधा १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स येते. तिला किट लेन्स म्हणतात आणि नाक मुरडायची फॅशन आहे, पण दिवसाउजेडी ती झकास काम करते. मिलिमीटरचा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य अरुंद आणि वस्तू जवळ: १८ ला खोलीचा बराचसा भाग मावतो, ५५ ला चेहरा नीट येतो. घेताना एकच पाहा. या लेन्सच्या दोन आवृत्त्या निघतात, एक हाताची थरथर सावरणारी आणि एक साधी. कॅननमध्ये सावरणारीवर आयएस, निकॉनमध्ये व्हीआर असं लिहिलेलं असतं. स्वस्त दिसणाऱ्या संचात बऱ्याचदा साधी लेन्स घातलेली असते. सावरणारीच घ्या. फक्त हे लक्षात असू द्या की ती तुमचा हात सावरते, समोर पळणारं मूल नाही.

पुढची लेन्स तुमच्या विषयाने ठरवायची. माणसं, घरातले प्रसंग, कमी उजेड यासाठी झूम नसलेली, मोठ्या ॲपर्चरची लेन्स, म्हणजे प्राइम. ५० मिलिमीटर एफ/१.८ सगळ्यांना सुचवली जाते कारण ती स्वस्त आणि उत्तम आहे. पण एपीएस-सी सेन्सर दृश्याचा मधलाच भाग घेतो, त्यामुळे कॅननवर ती ८० मिलिमीटरसारखी वागते. चेहऱ्यांसाठी सुंदर, लहान खोलीत पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकावं लागतं. एकच प्राइम घ्यायची तर निकॉनवर ३५ मिलिमीटर एफ/१.८ ही मला जास्त कामाची वाटते. कॅननवर २४ मिलिमीटर एफ/२.८ ही चपटी लेन्स आहे, उजेड कमी घेते, पण घरात आणि रस्त्यावर सोयीची.

पक्षी, खेळ, दूरची माणसं यांसाठी ५५-२५० किंवा ७०-३०० अशा लेन्स. इथे अपेक्षा जरा आवरा. २५० मिलिमीटर ऐकायला भारी वाटतं, पण उंच फांदीवरची चिमणी त्यातही चिमणीएवढीच दिसते. पक्ष्यांचं वेड आधीपासूनच असेल तर निम्म्याहून जास्त पैसे लेन्ससाठी राखून ठेवा आणि बॉडी जुनी घ्या.

आता ती मोटर. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकस फिरवणारी मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेल्या लेन्समध्ये ती असते. जुन्या एएफ-डी लेन्स या बॉडींवर बसतात, फोटोही निघतो, पण फोकस हातानेच करावा लागतो. ‘स्वस्तात मिळाली’ म्हणून घेतलेली ५० एफ/१.८ एएफ-डी अशी पडून राहिल्याची उदाहरणं ढिगाने आहेत. उलट बाजूनेही सापळा आहे: डी३२०० सारख्या जुन्या बॉडीवर नव्या एएफ-पी लेन्स फोकसच करत नाहीत. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्समध्ये मोटर नेहमीच असते, त्यामुळे तिकडे ही डोकेदुखी नाही.

## आता बॉडी

इथे थोडक्यात उरकतो, कारण इथे चुकायला फारशी जागा नाही.

निकॉन डी३५०० हलका (बॅटरीशिवाय ३६५ ग्रॅम), पकड खोल, फोटो उत्कृष्ट. स्क्रीन वळत नाही आणि बाहेरचा माइक लावायची सोय नाही. डी५६०० मध्ये वळणारी टच स्क्रीन, माइकची खाच आणि ११ ऐवजी ३९ फोकस बिंदू मिळतात, म्हणून हलणाऱ्या विषयांसाठी तो बरा. कॅनन २००डी मार्क टू लहान, स्क्रीनवर पाहून फोटो काढणाऱ्यांसाठी सर्वांत सोयीचा. १५००डी साधा पण चालणारा. मात्र या दोन्ही कॅननच्या फ्लॅश बसवायच्या जागी मधला संपर्कबिंदूच नाही, त्यामुळे फक्त त्या एका बिंदूवर चालणारे साधे फ्लॅश आणि ट्रिगर (दूर ठेवलेला फ्लॅश पेटवणारी यंत्रं) त्यांवर पेटत नाहीत. ३०००डी मात्र टाळा: १८ मेगापिक्सेल चालले असते, पण माउंट प्लास्टिकचं आणि स्क्रीन लहान, धूसर.

माझा कल यांपैकी कशाकडेच नाही. वापरलेला कॅमेरा घ्यायची तयारी असेल तर एक पायरी वरचा जुना कॅमेरा घ्यावा. निकॉन डी७२०० (२०१५) किंवा कॅनन ८०डी (२०१६). दोन्हींत २४ मेगापिक्सेल, मोठा आणि उजळ व्ह्यूफाइंडर आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे दोन चकत्या: एका बोटाने ॲपर्चर, दुसऱ्याने शटर. सुरुवातीच्या कॅमेऱ्यात एकच चकती असल्याने दुसरं बदलताना बटण दाबून ती फिरवावी लागते, आणि शिकणारा नेमका तिथेच कंटाळून ऑटोवर परततो. डी७२०० मध्ये फोकस मोटरही आहे, म्हणजे वरची एएफ-डीची अडचण मिटली. किंमत मोजावी लागते ती वजनात. मनगट नाजूक असेल किंवा कॅमेरा रोज पिशवीत न्यायचा असेल तर डी३५०० च बरा. घेण्यापूर्वी हातात धरून पाहाच. करंगळी लोंबकळत राहते का, चष्म्यासकट व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का, हे कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

## ‘वापरलेला म्हणजे फसगत’ असं नसतं, पण तपासा

शटर हा झिजणारा भाग. आजवर ते किती वेळा उघडलं हा आकडा कॅमेरा मोजत असतो. निकॉनमध्ये तो मूळ फोटोफाइलच्या माहितीतच नोंदलेला असतो, कॅननमध्ये बहुधा वेगळं सॉफ्टवेअर लागतं. डी३५०० चं शटर एक लाख वेळा चालवून तपासलेलं आहे. लाख झाले की बंद पडेल असा याचा अर्थ नाही. काही दीड-दोन लाखांपर्यंत जातात, काही आधीच राम म्हणतात. शटर वीस-तीस हजार वेळाच चाललेला कॅमेरा निर्धास्त घ्यावा.

त्याहून जपायचं ते लेन्सला. मागून टॉर्च मारून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स नको. चार धूलिकण असतील तर चिंता नाही, फोटोत ते येत नाहीत. सेन्सर तपासायला ॲपर्चर एफ/१६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. करडे ठिपके दिसले तर धूळ आहे, ती साफ होते. ओरखडा असेल तर कॅमेरा परत द्या.

नव्या कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या ‘फुकट’ वस्तूंना भुलू नका. त्यातला ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड, इतका डगमगतो की हातच जास्त स्थिर असतो, आणि लेन्सच्या पुढे लावायच्या स्वस्त काचेमुळे रात्रीच्या दिव्यांची भुतं फोटोत उमटतात. ज्यावर पैसे घालायचे त्या वस्तू दोनच: ओळखीच्या कंपनीचं अस्सल मेमरी कार्ड आणि एक जास्तीची बॅटरी. व्हिडिओ काढणार असाल तर कार्डावर व्ही३० चं चिन्ह पाहा.

## दुसरी लेन्स कधी?

दोन लेन्सच्या संचाची घाई नको. पहिले काही महिने किट लेन्सच वापरा, ॲपर्चर तुम्ही ठरवाल आणि शटर कॅमेरा ठरवेल अशा मोडवर. निकॉनच्या चकतीवर तो ए, कॅननवर एव्ही. मग काढलेले फोटो संगणकावर उघडा. प्रत्येक फाइलमध्ये तो किती मिलिमीटरला आणि किती आयएसओवर काढला हे नोंदलेलं असतं. आवडलेल्या फोटोंपैकी बरेचसे ५५ वर अडकलेले दिसले तर तुम्हाला लांब पल्ल्याची लेन्स हवी आहे. १८ वर अडकले असतील तर १०-१८ किंवा १०-२० सारखी रुंद लेन्स. मिलिमीटर कितीही असो, आयएसओ सतत ३,२०० च्या वर दिसत असेल तर प्राइम घ्या. आणि आकडे सगळीकडे विखुरलेले असतील तर अजून काहीच घेऊ नका.